नमुना गोठलेला

१० जानेवारी

रक्ततपासणी विभागात जे कोणी इंग्रजी सातच्या पोटातून आडवी रेघ मारतात, त्यांना,

सप्रेम नमस्कार.

तुमची सही मला वाचता येत नाही, पण सात लगेच ओळखू येतो, म्हणून पाकिटावर तसंच लिहिलंय. पोहोचलं तर पोहोचलं.

मी कटर आहे. कारखान्यांचे आणि शाळांचे गणवेश शिवणाऱ्या वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं कापड कापलं. चौदा महिन्यांपूर्वी इस्त्रीच्या टेबलाखाली साठलेल्या चिंध्यांनी पेट घेतला आणि मी आत अडकले. चाळीस टक्के भाजले. तुमच्या हॉस्पिटलात अडीच महिने होते, पण त्यातले पहिले नऊ दिवस माझ्याकडे नाहीत. कुणीतरी कापून नेल्यासारखे गेलेत. घरच्यांना विचारलं तर म्हणतात, ‘झालं गेलं, कशाला उकरतेस.’

शेवटी मी फाइलची नक्कल मागवली. त्यात तुमचे सात ठिकठिकाणी आहेत. आणि नवव्या दिवसाच्या पानाला एक चिठ्ठी डकवली आहे, तुमच्याच अक्षरात: ‘नमुना गोठलेला. नाकारला. पुन्हा पाठवा.’

आमच्या धंद्यात नमुना म्हणजे कापडाचा तुकडा. गिऱ्हाइकानं तो नाकारला तर आख्खं ठाण परत जातं. तुम्ही माझं काय नाकारलंत, आणि का, एवढं कळवाल का?

आपली,
कटर

(लिहिणारीची टीप: अक्षर माझं आहे, मी हिची नणंद, शाळेत शिकवते. वहिनीच्या उजव्या हाताची बोटं कातडी आखडल्यामुळे तळव्याकडे वळली आहेत, पेन धरता येत नाही. नमुना कुठला नाकारला ते देव जाणे, पण आमची वहिनी हाच एक नमुना आहे, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल.)


१९ जानेवारी

श्रीमती कटरबाई यांस,

स. न. वि. वि.

आपले पत्र चार दिवस या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. मग सहकाऱ्यांनी माझी नोंदवही उघडून सात पाहिला आणि पत्र हसत हसत माझ्यापुढे ठेवले. मला येथे सव्वीस वर्षे झाली. विभागाला आजवर कोणत्याही रुग्णाचे पत्र आलेले नाही.

तपासणीचे निष्कर्ष आम्ही रुग्णांशी परस्पर बोलत नाही. आकड्यांविषयी डॉक्टरांना विचारावे. चिठ्ठीचा अर्थ मात्र सांगण्यास हरकत नाही. रक्त किती सेकंदांत गोठते हे पाहण्यासाठी ते निळ्या टोपणाच्या नळीत घेतात. त्या नळीत रक्त पातळ ठेवणारे औषध असते. रक्त घेतल्यावर नळी हलक्या हाताने चार-पाच वेळा उलटीसुलटी केली नाही, तर औषध मिसळत नाही आणि रक्त आधीच गोठून बसते. मग मोजण्यासारखे काही उरत नाही. असा नमुना परत पाठवावा लागतो. म्हणजे मी नळी नाकारली. आपल्याला नाही.

एक विचारू का? चौदा महिन्यांनी आपल्याला याच चिठ्ठीचे कुतूहल का वाटले?

आपला,
तपासनीस


२६ जानेवारी

तपासनीस साहेबांना नमस्कार.

का वाटलं ते सांगते. २० मार्चला माझ्या हाताचं ऑपरेशन ठरलंय. आखडलेली कातडी सोडवून तिथं मांडीची कातडी लावायची. डॉक्टरीणबाई म्हणतात, मग कात्री धरता येईल. ही तारीख तिसरी आहे. आधीच्या दोन मी मोडल्या.

कारण मला एवढं ठाऊक आहे की त्या नऊ दिवसांत माझं रक्त थांबत नव्हतं. सुई टोचली तिथून वाहायचं, पट्टीतून वाहायचं. हे मी वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून ऐकलं. घरच्यांनी चकार शब्द काढला नाही. तोंड भाजलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. माझं तर निम्मं अंग भाजलंय, मी सुरीकडे कशी बघत असेन ते तुम्हीच ठरवा.

आता मला न सुटलेलं कोडं ऐका. रक्त गोठत नव्हतं म्हणून मी मरायला टेकले होते, आणि चिठ्ठी म्हणते, नमुना गोठला. फाइलमध्ये डॉक्टरांनी पाचव्या दिवशी लिहिलंय की रक्त गोठत नाही, आणि त्याच पानावर खाली लिहिलंय, बारीक नसांत रक्त गोठतंय. एकाच बाईचं रक्त एकाच दिवशी दोन्ही कसं करेल? मी चार माणसांना विचारलं. दोघं म्हणाले डॉक्टरांची चूक, एक म्हणाला छपाईची चूक, आणि हे म्हणाले, ‘जेवण झालं का?’

माझं रक्त एकदा असं वागलं तर पुन्हा वागेल की नाही, एवढंच मला हवंय. मग मी तारीख पाळीन, नाहीतर मोडीन. डॉक्टरीणबाई ‘काळजी करू नका’ म्हणतात. काळजी करू नका म्हटलेलं कापड हमखास आटतं, हा माझा अनुभव आहे.

कटर

(टीप: ‘हे’ म्हणजे माझा दादा. छापखान्यात बाइंडर आहे. दिवसाला दहा वाक्यं बोलतो, त्यातली तीन जेवणाबद्दल असतात.)


४ फेब्रुवारी

कटरबाई,

तुमचं पत्र वाचून मी फाइल पुन्हा काढली, आणि डॉक्टरीणबाईंना विचारून आलो. त्या म्हणाल्या, आकडे तिचेच आहेत, तिला सांगा, माझ्यापेक्षा तुमचं ऐकेल. तेव्हा आता नियमाची अडचण नाही.

कोडं तुम्ही बरोबर पकडलंत. नवे डॉक्टरही तिथं अडखळतात. रक्त गोठायला त्यात बारीक धागे तयार व्हावे लागतात. खरोखरचे धागे, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. अंग इतकं भाजलं की सगळं शरीर एकदम घाबरतं आणि जिथं गरज नाही तिथंही, आतल्या बारीक बारीक नसांत, धागे विणत सुटतं. त्यात साठा संपतो. मग जिथं खरंच वाहतंय तिथं विणायला काही शिल्लक राहत नाही. म्हणून दोन्ही वाक्यं खरी होती. नको तिथं गोठत होतं, म्हणूनच हवं तिथं गोठत नव्हतं.

त्यात भर सलाईनची. ते दिल्याशिवाय तुम्ही पहिला दिवसही काढला नसता, पण बाटल्यांवर बाटल्या गेल्यानं रक्ताचं अक्षरशः पाणी झालं होतं. आणि थंडी. कातडी गेली की अंगाची ऊब टिकत नाही, आणि गार रक्त आणखी आळशी होतं. म्हणून जळितांच्या खोलीत हीटर लावतात. गंमत म्हणजे हे माझ्या यंत्राला कळत नाही. ते नमुना आधी निरोगी अंगाइतका गरम करून घेतं आणि मग मोजतं, त्यामुळे कागदावर दिसतं त्यापेक्षा खाटेवरची स्थिती वाईट असू शकते.

निरोगी माणसाचं उत्तर आमच्याकडे तेरा सेकंद येतं. पाचव्या दिवशी तुमचं सत्तावीस आलं. मी दोनदा मोजलं. सत्तावीस लिहिताना वाईट वाटलं, कारण असा आकडा वर वॉर्डात गेला की बऱ्याचदा त्या माणसाचा पुढचा नमुना खाली आमच्याकडे येत नाही. तुम्हाला प्लाझ्मा, म्हणजे दात्याच्या रक्तातला धाग्यांचा साठा असलेला पातळ भाग, देत होते. तो गोठवून ठेवलेला असतो, वितळवून द्यावा लागतो. रक्त गोठावं म्हणून गोठवलेलं वितळवायचं, हे मला सव्वीस वर्षांत कधी विचित्र वाटलं नव्हतं, तुमच्या पत्रानंतर वाटू लागलंय.

आता नववा दिवस. सकाळी साडेनऊला तुमची नळी आली. तिरकी केली तर आतलं हलेना. आमच्याकडे गोठलेला नमुना म्हणजे कुणाचा तरी निष्काळजीपणा, एवढंच डोक्यात बसलेलं असतं. मी वैतागलो, चिठ्ठी लिहिली, नळी कचऱ्यात टाकली. अशा वेळी वॉर्डात फोन करून सांगायचा नियम आहे. मी केला नाही. ती माझी चूक, आणि ती नोंदवहीत कुठंही नाही.

अर्ध्या तासानं डॉक्टरीणबाई स्वतः जिना उतरून चिठ्ठी हातात घेऊन आल्या. मला वाटलं आता खरडपट्टी. त्या म्हणाल्या, ‘ती नळी कुठंय?’ मी डबा दाखवला. म्हणाल्या, ‘काढा.’ हातमोजे घालून काढली. त्यांनी ती उजेडात धरून पालथी केली. गाठ नळीला घट्ट धरून बसली होती, थेंब खाली आला नाही. त्या म्हणाल्या, ‘चार दिवसांपूर्वी हिची नळी विसरून तशीच ठेवली असती तरी गोठली नसती.’

मी म्हटलं, गोठलेला नमुना हा पुरावा नसतो. त्या म्हणाल्या, ‘मला ठाऊक आहे. नवा पाठवते.’ नव्याचे सतरा आले. सातवरची रेघ जरा लांब ओढली गेली आहे, फाइलमध्ये बघा.

पुन्हा असं होईल का, हा तुमचा प्रश्न. तेव्हा तुमचं सगळं अंग उघडं पडलं होतं. आता तळहाताएवढी जागा आहे आणि बाकीचं शरीर शांत आहे. माझ्या मते होणार नाही. पण ऑपरेशनच्या सकाळी तुमचा नमुना माझ्याकडेच येईल. आकडा ठीक नसेल तर मी स्वतः जिना चढून जाऊन ऑपरेशन थांबवायला सांगेन. एवढं वचन देतो.

तपासनीस


८ फेब्रुवारी

तपासनीस साहेब,

हे पत्र फक्त माझं आहे. वहिनीला ठाऊक नाही. उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठवा.

तुमचं पत्र तिनं मला दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाली, ‘म्हणजे सगळा दोरा आतल्या आत टाके घालण्यात गेला, आणि दर्शनी शिवण उसवली.’ खूश होती. मी मात्र हीटरच्या ओळीवर अडकले.

तिसऱ्या दिवशी त्या खोलीत भट्टीसारखं गरम होतं. मला वाटलं, आधीच भाजलेल्या बाईला वरून हीटर कसला लावतात. सिस्टर बाहेर गेल्या तेव्हा मी बटण बंद केलं. दहाएक मिनिटांत सिस्टरांनी येऊन चालू केलं आणि मला बाहेर काढलं. पाचव्या दिवशी तुमचे सत्तावीस सेकंद. त्यात माझा वाटा किती? खरं सांगा. मी आता तिला ‘ऑपरेशन करून घे’ म्हणायलाही कचरते. माझ्या मायेनं तिला एकदा आगीतून फुफाट्यात टाकलं असेल, तर दुसऱ्यांदा तोंड कुठल्या तोंडानं उघडू?

आणि ती चिठ्ठी. ती सिस्टरांच्या टेबलावर पडली होती, मी दारातून वाचली. नमुना वगैरे मला काय ठाऊक? मी वाचलं, ‘गोठलेला’ आणि ‘नाकारला’. मला वाटलं रक्त गोठलं, म्हणजे माणूस थंड झालं, आणि हॉस्पिटलनं हात वर केले. मी दादाला छापखान्यात फोन करून सांगितलं, ‘वहिनी गेली.’

मी मुलांना शुद्धलेखन शिकवते, साहेब. तीन ओळींची चिठ्ठी मला वाचता आली नाही.

पलीकडे दादानं यंत्र बंद केलं. मग म्हणाला, ‘तिची कात्री कुठंय?’ आणि फोन ठेवला. तो तडक जळलेल्या वर्कशॉपमध्ये गेला आणि राखेत हात घालून कात्री शोधत बसला. इकडे डॉक्टरीणबाई जिना चढून वर आल्या त्या चक्क हसत. माणूस मेलं आणि ही बाई हसते, म्हणून मी त्यांना नको ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘आत जाऊन बघा, जिवंत आहे.’ दादाला परत कळवेपर्यंत पाऊण तास गेला. त्या पाऊण तासाचा विषय आमच्या घरात कुणी काढत नाही. म्हणून तिला नऊ दिवसांचं काही सांगत नाही. एक सांगायला गेलं की दुसरं निघतं.

कात्री सापडली होती. दादानं धार लावून आणली, मुठी नव्या बसवल्या आणि कपाटावर शर्टात गुंडाळून ठेवली. वहिनीला वाटतं ती जळून गेली.

वहिनीची नणंद


१५ फेब्रुवारी

शिक्षिकाबाई,

शाळेचा पत्ता तुम्ही लिहायला विसरलात. म्हणून हे घरच्याच पत्त्यावर, तुमच्या नावानं पाठवतो.

दहा मिनिटांनी सत्तावीस होत नाहीत. त्या आकड्यात आग होती, जंतू होते, सलाईन होतं. तुमचं बटण त्यात मोजता येईल एवढं नाही. हे मी समजूत काढायला म्हणत नाही, मला समजूत काढता येत नाही. डॉक्टरीणबाईंनाही विचारलं, त्याही हेच म्हणाल्या.

चिठ्ठीचं मात्र पाप माझं. मी फोन केला असता, तर ‘नळी पुन्हा द्या’ एवढंच सिस्टरांना कळलं असतं आणि चिठ्ठी टेबलावर आलीच नसती. सव्वीस वर्षं मी ती तीन वाक्यं लिहीत आलो. ती कुणी दारात उभं राहून वाचत असेल, असं कधी मनात आलं नाही. आता मी ‘नळीतला नमुना गोठला आहे, रुग्णाविषयी काही नाही’ असं लिहितो. सहकारी हसतात.

कात्रीचं वहिनींना सांगा. त्या आपले हरवलेले नऊ दिवस शोधताहेत आणि ते तुमच्या कपाटावर आहेत.

तपासनीस


२२ फेब्रुवारी

तपासनीस साहेब,

वन्संच्या नावाचं पाकीट मी फोडलं. कात्री चालत नसली तरी दात चालतात. वन्सं हे लिहिताना रडताहेत, तेव्हा शाई पसरली असेल तिथं समजून घ्या. त्यांना म्हटलं, ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय तुमच्या अख्ख्या घराण्याला आहे.

पाकीट वाचलं, वन्संकडून तो फोन आणि ती राख सगळं वदवून घेतलं, आणि स्टुलावर चढून कपाटावर हात घातला. शर्ट तो निळ्या रेघांचा, मीच कापलेला. कात्रीची पाती काळी पडलीत पण धार अशी की कागद नुसता टेकवला तरी चिरतो. बावीस वर्षं माझी होती, एवढी धार मीही कधी लावली नव्हती.

हे छापखान्यातून आले. मी कात्री टेबलावर ठेवून बसले होते. विचारलं, इतके महिने लपवलीत का? म्हणाले, ‘तुला दिली असती आणि धरता आली नसती तर?’ मग विचारलं, त्या दिवशी आणायला कशाला गेला होतात? तेव्हा तर मी मेले होते तुमच्या हिशेबी. बराच वेळ चपला सारख्या करत राहिले. मग म्हणाले, ‘तुझ्याबरोबर ठेवायला. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाहीस ना.’

साहेब, लग्नाला एकोणीस वर्षं झाली. हा माणूस माझ्यासाठी राखेत बसला होता आणि मला पंधरा महिने वाटत होतं की त्याला जेवणापलीकडे काही सुचत नाही. मी खूप रडले. मग आम्ही जेवलो.

तुम्ही वन्संना लिहिलंत की ते नऊ दिवस कपाटावर आहेत. खरं आहे, सापडले. मला वाटत होतं त्यात नुसतं वाहणारं रक्त असेल. २० मार्चला येते आहे. नळी नीट हलवायला सांगा.

कटर

(टीप: मी शाळेचा पत्ता मुद्दाम विसरले नव्हते. पण विसरले ते बरं झालं.)


२० मार्च, सकाळी ८.१०
(चिठ्ठी, वॉर्डाकडे)

नळीतला नमुना गोठला आहे. रुग्णाविषयी काही नाही. पुन्हा पाठवा. सिस्टरांना फोन केला आहे. त्या म्हणतात, जुन्या व्रणांमुळे शीर सापडायला वेळ लागला, तोवर रक्तानं घाई केली.

नातेवाइकांनी वाचल्यास घाबरू नये.


(त्याच चिठ्ठीच्या पाठीमागे)

दारातूनच वाचली. या वेळी कुणालाही फोन केला नाही. वहिनी म्हणते, ‘दोरा भरपूर दिसतोय.’ दुसरी नळी सिस्टरांनी माझ्यासमोर पाच वेळा उलटीसुलटी केली, मी मोजलं.


२० मार्च, ९.०५
(चिठ्ठी, शिक्षिकाबाईंसाठी)

तेरा सेकंद. दोनदा मोजले. सात आला नाही, त्याबद्दल क्षमस्व.

आकडा फोनवर कळवला होता, तरी स्वतः सांगायला जिना चढून आलो. तोवर बाईंना आत नेलं होतं. दाराशी एक गृहस्थ वर्तमानपत्रात काहीतरी गुंडाळून मांडीवर घेऊन बसले होते. मी ‘तेरा’ म्हटलं. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, ‘जेवण झालं का तुमचं?’ सकाळचे नऊ वाजले होते. मी हो म्हटलं.


११ जून

तपासनीस साहेब,

हे मी लिहिते आहे. माझ्या हाताने. वन्सं शेजारी बसल्या आहेत पण त्यांना पेन देत नाही. अक्षर वाकडं आहे. एक ओळ लिहायला फार वेळ लागतो म्हणून थोडंच.

बोटं तीन सरळ झाली. करंगळी अजून रुसली आहे. व्यायाम दिवसातून चार वेळा. दुखतं. करते.

काल कात्री धरली. सोबत कापडाचा तुकडा आहे. चौकोन कापायचा होता. त्याच्या दोनच बाजू चौकोनाच्या आहेत, बाकीचं काय झालं ते मलाही कळलं नाही.

हा माझा नमुना. नाकारलात तरी चालेल. पुन्हा पाठवीन.

कटर